कॅम्परमधलं पाणी: पंप सगळ्यात शेवटी निवडा

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा तशाच मोठ्या व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे राहण्याजोगी गाडी, करून घेतलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते, शॉवर बारीक येतो. त्यावरचा उपायही ठरलेला, मोठा पंप. मिनिटाला अकरा लिटरचा काढून वीस लिटरचा बसवतात. शॉवर होता तेवढाच राहतो. वर रात्री कोणी नुसते हात धुतले तरी पंप खडखड करत चालू-बंद होत राहतो आणि गाडीतले सगळे जागे होतात.

बहुतेक गाड्यांत दोष पंपात नसतोच. तो अरुंद नळीत असतो, नाहीतर बारीक वायरीत, तुंबलेल्या जाळीत किंवा हवा ओढणाऱ्या एखाद्या ढिल्या जोडात. म्हणून कामाचा क्रम उलटा लावायला हवा. आधी नळाला किती पाणी हवं ते ठरवा, मग त्या पाण्याची वाट आखा आणि या दोन्हींचा हिशेब हातात आला की पंप घ्या. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. गाडी आधीच तयार असेल तर सरळ टप्पा ८ वर जा. दोष कुठे आहे ते तिथे कळेल आणि मग त्या भागापुरतं मागे येता येईल.

पंपाच्या डब्यावरचे दोन आकडे

कॅम्परमध्ये सहसा १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, म्हणजे रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा पंप असतो. आत प्रेशर स्विच असतो, त्यामुळे नळ उघडला की पंप सुरू होतो आणि बंद केला की थांबतो. डब्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात, समजा ११ लिटर प्रति मिनिट आणि ५५ पीएसआय (दाबाचं माप, पाउंड प्रति चौरस इंच). वाचणाऱ्याला वाटतं, ५५ पीएसआय दाबाने ११ लिटर येणार. तसं कधीच होत नाही. ११ लिटर हा पंपाचं तोंड मोकळं असताना, म्हणजे दाब शून्य असतानाचा प्रवाह. ५५ पीएसआय हा पंप बंद पडतो तेव्हाचा दाब, आणि त्या क्षणी प्रवाह शून्य असतो. तुमची आंघोळ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी होते.

मधले आकडे उत्पादकाच्या माहितीपत्रकात तक्त्यात दिलेले असतात, दहा पीएसआयला किती लिटर, वीसला किती, तीसला किती. ज्या पंपाचा असा तक्ता मिळत नाही तो घेऊ नका. परदेशी पंपावर गॅलन लिहिलेले असतील तर ते अमेरिकी धरा. एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, म्हणून ३ गॅलनचा पंप साधारण ११.३ लिटरचा.

टप्पा १: गरज बादलीने मोजा

घरच्या बाथरूममध्ये जा. शॉवर पूर्ण सोडा आणि हळूहळू कमी करत या. "याहून कमी झालं तर आंघोळ झाल्यासारखी वाटणार नाही" अशा जागी थांबा. आता खाली बादली ठेवून मोबाइलवर एक मिनिट लावा. पाण्याची धार जपून वापरणाऱ्या हँड शॉवरला ६ लिटर प्रति मिनिट पुरतात. भांडी धुवायला ३ लिटर खूप होतात.

मग टाकीकडे बघा. टाकी ९० लिटरची असेल तर ६ लिटरच्या धारेला ती १५ मिनिटं पुरते, ११ लिटरच्या धारेला जेमतेम ८ मिनिटं. घरात टाकी गच्चीवर असते आणि महापालिका ती रोज भरून देते. इथे पाण्यासाठी ढाब्यावर विनंती करावी लागते. जोरदार शॉवर तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, पण तो परवडणार आहे का ते आत्ताच ठरवा.

दुसरा प्रश्न, एकाच वेळी दोन नळ चालू राहणार का? दोघांच्या गाडीत उत्तर सहसा "नाही" असतं, आणि मग ६ लिटरवर सगळं भागतं. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर शॉवर आणि सिंक मिळून ९ धरा.

तपासणी: कागदावर एकच आकडा लिहिलेला हवा. पुढचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर चालतो. या लेखात मी ६ धरला आहे.

टप्पा २: टाकी आणि तिला हवा

टाकीतून मिनिटाला सहा लिटर पाणी बाहेर जातं तेव्हा सहा लिटर हवा आत यावी लागते. झाकण घट्ट आणि हवेची नळी नाही, किंवा आहे पण पलंगाच्या फळीखाली चेपली गेलेली, असं असेल तर टाकीत पोकळी तयार होते. प्लास्टिकच्या टाकीची बाजू आत ओढली जाते, पंपाचा आवाज बदलतो आणि धार मंदावत जाते. झाकण उघडलं की सगळं ठीक होतं, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही. हवेची नळी आतून किमान १२ मिमीची ठेवा. ती टाकीच्या सगळ्यात वरच्या भागातून निघावी, वर चढावी आणि तिच्या बाहेरच्या टोकाला बारीक जाळी असावी. पाइपने टाकी भरताना हवा याच वाटेने बाहेर पडते. नळी बारीक असेल तर भरण्याच्या तोंडातून पाणी उसळून अंगावर येतं.

पाण्याचं तोंड टाकीच्या तळाला आणि कोपऱ्यात असावं. गाडी नेहमी सपाट जागी उभी राहत नाही. उतारावर तोंड वरच्या बाजूला आलं तर टाकीत वीस लिटर शिल्लक असताना पंप हवा ओढायला लागतो.

पारदर्शक टाकी किंवा नळी उजेडात ठेवू नका, आत शेवाळ धरतं.

टप्पा ३: टाकी ते पंप, म्हणजे ओढीची बाजू

ही बाजू जेमतेम मीटरभर असते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. विहिरीवरच्या मोटारीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना मात्र माहीत असतं की मोटर पाणी उचलत नसेल तर आधी ओढीची बाजू बघायची.

नळी आतून किमान १३ मिमीची आणि कडक हवी, सळ पडलेली किंवा तारेची स्प्रिंग असलेली. साधी मऊ नळी ओढीने चपटी होते, शहाळ्यातली स्ट्रॉ जोरात ओढल्यावर चिकटते तशी. पंप टाकीच्या शेजारी, शक्यतो तिच्या तळाच्या पातळीला बसवा. डायफ्राम पंप साधारण १.८ मीटरपर्यंत पाणी वर ओढतो असं लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीजवळचं गणित आहे. लेहच्या उंचीवर, ३,५०० मीटरला, हवेचा दाब जवळजवळ दोन तृतीयांशच उरतो आणि त्या प्रमाणात ओढही घटते. पुण्यात बिनतक्रार चालणारा, टाकीच्या बराच वर बसवलेला पंप लडाखात रुसतो तो यामुळे.

पंपाच्या आधी जाळीची गाळणी हवीच. नवी टाकी असली तरी भोकं पाडताना निघालेला प्लास्टिकचा कीस आत राहिलेला असतो. तो कीस पंपाच्या झडपेत अडकला की पंप फिरत राहतो, दाब मात्र तयार होत नाही. गाळणी हात पोचेल अशा ठिकाणी बसवा. पलंग उचकटून, प्लाय काढून साफ करावी लागणारी गाळणी कोणीच साफ करत नाही.

कार्बन किंवा पाच मायक्रॉनचा फिल्टर मात्र या बाजूला कधीही लावू नका. तो पंपाच्या पुढे, आणि फक्त पिण्याच्या नळाला.

सावधान: ओढीच्या बाजूची गळती डोळ्यांना दिसत नाही. तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळाला पाणी फसफसत, थुंकल्यासारखं येत असेल तर कोरड्या दिसणाऱ्या जोडांवरही विश्वास ठेवू नका. स्टीलचे क्लॅम्प पुन्हा आवळा, टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळा.

टप्पा ४: पंप ते नळ

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पहिली चूक आरओच्या नळीची. ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, दाबून बसवायची फिटिंग्ज स्वस्त असतात आणि कुठूनही वळवता येते, त्यामुळे मोह होतोच. पण पाव इंची आरओ नळी आतून जेमतेम सव्वाचार मिमीची असते आणि जाड, म्हणजे तीन अष्टमांश इंची नळी सहा मिमीच्या आसपास. आता ६ लिटर प्रति मिनिट प्रवाहाचा हिशेब बघा. आतून १२ मिमी असलेल्या नळीत पाच मीटर अंतरात ०.७ पीएसआय दाब खर्च होतो. ६ मिमीच्या नळीत तेवढ्याच अंतराला १९ पीएसआय. व्यास निम्मा केल्यावर तोटा दुप्पट-चौपट होऊन थांबत नाही, जवळजवळ सत्तावीस पट होतो. पाव इंची नळीत तर दर मीटरला १९-२० पीएसआय जातील, म्हणजे पाच मीटरनंतर सहा लिटर मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. पंप कितीही मोठा लावा, तो ५५ पीएसआयला पोचून बंद होणार.

आरओची नळी फक्त पिण्याच्या छोट्या नळासाठी ठेवा. तिथे मिनिटाला एक-दीड लिटर पुरतं.

दुसरी चूक घरच्या प्लंबरची. तो माणूस कामाचा पक्का असतो, पण त्याने आयुष्यभर न हलणाऱ्या भिंतीत पाईप टाकलेले असतात. तो कॅम्परमध्येही सीपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा पाईप, चिकटवून देतो. त्याचा आतला व्यास पुरेसा असतो, गरम पाणीही त्याला चालतं, पण गाडी रोज हादरे खाते. कडक पाईप आणि चिकटवलेला एल्बो यांच्यातला जोड आधी तडकतो, आणि तोही प्लायच्या मागे. त्यापेक्षा पेक्स (वळणारी, गरम पाण्याला चालणारी प्लास्टिकची नळी) किंवा ॲल्युमिनियमचा थर असलेली कंपोझिट नळी घ्या. दुकानात १२१६ म्हणून मागितलीत तर मिळते, म्हणजे आतून १२, बाहेरून १६ मिमी. ती हाताने वळते, वळवलेली तशीच राहते आणि एल्बो वाचतात.

एल्बो वाचवणं महत्त्वाचं आहे, कारण फिटिंगच्या आतलं भोक नळीपेक्षा लहान असतं. दहा एल्बो घातलेली रुंद नळी शेवटी अरुंद नळीसारखीच वागते. मोठ्या गोलाईने वळवा. नळीला दर दीड-दोन फुटांवर क्लिप मारा आणि क्लिपखाली रबर घाला.

तिसरी गोष्ट गरम पाण्याची. जाळीदार पारदर्शक पीव्हीसी नळी थंड पाण्याला चालून जाते. गीझरनंतर तीच नळी मऊ पडते आणि दाबाखाली क्लॅम्पमधून निसटते. गरम बाजूला कंपोझिट किंवा पेक्सच.

शाखा काढताना मुख्य नळी शॉवरपर्यंत पूर्ण जाडीची न्या आणि सिंकसाठी मध्येच टी काढा. उलटं केलं की शॉवरच्या वाट्याला उरलेलं पाणी येतं. सगळ्यात खालच्या ठिकाणी एक बॉल व्हॉल्व्ह बसवा, नळ्या रिकाम्या करायला लागतो. पंपाच्या लगेच पुढे दुसरा. तो कशासाठी ते टप्पा ८ मध्ये येईल.

तपासणी: पंपाला जोडण्याआधी टाकीकडच्या टोकातून तोंडाने फुंकून बघा, सगळे नळ उघडे ठेवून. श्वास सहज जायला हवा. गाल फुगत असतील तर कुठेतरी नळी मुडपली आहे किंवा डिंकाचा गोळा अडकला आहे.

टप्पा ५: आता पंपाचा हिशेब

शॉवरच्या तोंडाशी चांगली धार पडायला समजा १५ पीएसआय हवेत. शॉवर पंपाहून १.८ मीटर उंच आहे. दहा मीटर उंचीला साधारण १४ पीएसआय लागतात, म्हणजे इथे अडीच. नळीत पाऊण. टी, एल्बो, गरम-थंड पाण्याचा मिक्सर नळ, गीझर यांचे मिळून पाच-सहा धरा. बेरीज पंचविसाच्या आत-बाहेर येते.

म्हणजे तुम्हाला २५ पीएसआयला ६ ते ७ लिटर देणारा पंप हवा. तक्त्यात तो ओळखा. मोकळ्या तोंडाचा आकडा ११ च्या आसपास असलेले बरेच पंप यात बसतात. ४ लिटरचा छोटा पंप बसणार नाही आणि २० लिटरचा लागणार नाही.

मोठा घेतला तर काय बिघडतं? सिंकचा नळ ३ लिटरवर उघडला की २० लिटरचा पंप क्षणात दाब चढवतो आणि बंद होतो. दाब उतरतो, पंप पुन्हा चालू. दर वेळी सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते, प्रेशर स्विचचे पॉइंट जळतात, आणि तात्काळ गरम करणारा गीझर असेल तर पाणी गरम-गार-गरम येत राहतं.

शेतीच्या दुकानात बॅटरीच्या फवारणी पंपाची सुटी मोटर स्वस्तात मिळते. तीही १२ व्होल्टची डायफ्रामच असते, आणि अनेकांनी तीच बसवली आहे. भांडी-गाडी धुवायला ठीक. मिनिटाला तीन-चार लिटरच्या पलीकडे ती सहसा जात नाही, म्हणून शॉवरला अपुरी पडते. शिवाय तिचं रबर-प्लास्टिक पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलं आहे अशी खात्री नसते. फवारणीला वापरलेली जुनी मोटर तर कोणत्याही कारणाने कॅम्परमध्ये आणू नका, धुऊनसुद्धा नाही.

टाकीत बुडवायचा छोटा पंपही मिळतो. तो आवाज करत नाही आणि प्रवाह भरपूर देतो, पण त्याचा दाब फार कमी असतो. एक नळ, छोटी गाडी, गीझर नाही, अशा ठिकाणीच घ्या.

टप्पा ६: वायर

पंप भर दाबाला ७ अँपिअर ओढत असेल आणि बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर होते. १ चौरस मिमीच्या वायरीत जवळजवळ १.४ व्होल्ट गळतात, १.५ मध्ये ०.९, २.५ मध्ये ०.५५ आणि ४ मध्ये ०.३५. बॅटरीजवळ १२.८ असताना पंपाला ११.४ मिळाले तर मोटर एक दशांशाहून जास्त मंद फिरते. त्यात बॅटरी उतरलेली असेल तर पंप बंद होण्याच्या दाबापर्यंत पोचतच नाही आणि नळ बंद असतानाही घरघरत राहतो.

घरच्या २३० व्होल्टच्या सवयीने "दीडची वायर खूप झाली" असं इलेक्ट्रिशियन म्हणेल. इथे २.५ हा किमान समजा, जमलं तर ४. अर्थिंग म्हणून गाडीच्या बॉडीचा गंजका बोल्ट वापरू नका, परतीची वायर बॅटरीपर्यंत न्या. फ्यूज पंपाच्या पाटीवर लिहिलेलाच घ्या, आणि तो बॅटरीच्या बाजूला बसवा, पंपाच्या नाही. वायर मध्येच सोलून शॉर्ट झाली तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडाच फ्यूजच्या संरक्षणाबाहेर राहतो, तो जितका लहान तितकं बरं.

दाराजवळ पंपाचा मुख्य स्विच हवा. गाडी चालू असताना तो बंदच. धावत्या गाडीत एखादा जोड निसटला तर पंप इमानेइतबारे सगळी टाकी गादीखाली रिकामी करेल.

तपासणी: नळ उघडा ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर, मग पंपाच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. पंप बंद असताना मोजून काही कळत नाही.

टप्पा ७: पंप बसवणं आणि दाबाची छोटी टाकी

पंपाचे रबरी पाय पिळवटून निघेपर्यंत स्क्रू आवळू नका. रबर दबलं की ते रबर राहत नाही, आणि पलंगाची प्लाय ढोलकीसारखी वाजते. पंपाच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट लवचीक नळी द्या, मगच कंपोझिट सुरू करा.

पंपाच्या पुढे एक लिटरची ॲक्युम्युलेटर टाकी बसवली तर चालू-बंदची खडखड बरीच कमी होते. आत रबरी पडदा असतो, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. अनेक जण ती बसवतात आणि हवा भरतच नाहीत. पंप ४० पीएसआयला चालू आणि ५५ ला बंद होत असेल, आणि टाकीत आधीच ४० च्या जवळपास हवा भरलेली असेल, तर ती दोन चालू होण्यांच्या मध्ये सुमारे २०० मिलिलिटर पाणी देते. हवा भरलीच नाही तर ६० च्या आत. वस्तू तीच, उपयोग तिसऱ्या हिश्शाहून कमी.

हवा भरायची रीत: पंपाचा स्विच बंद करा, नळ उघडून दाब पूर्ण शून्यावर आणा, मगच टायरच्या गेजने मोजा. पाणी दाबाखाली असताना गेज नेहमी भरपूर हवा दाखवतो, आणि फसवणूक तिथेच होते. पंपाच्या चालू-दाबाहून दोन-तीन पीएसआय कमी ठेवा. सायकलचा पंप पुरतो. वर्षातून एकदा पुन्हा बघा.

या टाकीचा दुसरा उपयोग साठवणीच्या गीझरला होतो. १० लिटर पाणी २० वरून ६० अंशांना नेलं की ते जवळजवळ १५० मिलिलिटर फुगतं. पंपातली झडप ते मागे जाऊ देत नाही, मग दाब फिटिंगवर येतो. ॲक्युम्युलेटर ते पाणी सामावतो. तरीही गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढायचा किंवा ठोकून बंद करायचा नाही.

सावधान: बाथरूममध्ये लावतात तो साधा गॅस गीझर गाडीच्या आत बसवू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड बंद न्हाणीघरात माणसं मारतो, आणि कॅम्पर तर त्याहून लहान आहे. खिडकी उघडी ठेवू, हा त्यावरचा उपाय नाही.

टप्पा ८: पहिलं पाणी आणि मोजणी

प्लाय आणि पॅनेल बंद करण्याआधी हे सगळं उरका.

टाकी एक तृतीयांश भरा. सगळे नळ उघडा, शॉवरचं डोकं आणि नळाच्या टोकाच्या जाळ्या काढून ठेवा म्हणजे कीस त्यात जाणार नाही. पंप चालू करा. आधी थंड बाजू, धार अखंड झाली की नळ बंद. मग गरम बाजू, गीझर भरेपर्यंत. गरम नळातून सलग पाणी येईपर्यंत गीझरचं बटण दाबायचं नाही. दोन मिनिटांत पाणी उचललं नाही तर पंप थांबवा आणि टप्पा ३ मधले जोड बघा.

आता सगळे नळ बंद. पंप काही सेकंदांत थांबला पाहिजे. अर्धा तास गाडीत शांत बसा. मध्येच पंपाने उचकी दिली तर गळती आहे. प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा, बोटाला न कळणारा ओलावा त्याला कळतो. कुठेच ओल नाही आणि उचकी मात्र चालूच आहे, अशा वेळी पंपापुढचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा. तरीही पंप उचकत असेल तर पाणी पंपाच्याच झडपेतून टाकीकडे मागे जातंय. झडप उघडून साफ करा.

मग बादली आणि मोबाइल घेऊन तीन मोजण्या घ्या.

१. पंपाची पुढची नळी काढून, मोकळ्या तोंडाने. पाटीवर ११ असेल तर १० च्या आसपास यायला हवेत. ७ आले तर या घटीत पुढची नळी, नळ, शॉवर यांचा हात नाही, दोष ओढीच्या बाजूला, गाळणीत, वायरीत किंवा खुद्द पंपात.

२. नळी जोडून, शॉवरचं डोकं काढून. पहिल्या मोजणीपेक्षा थोडं कमी येणारच. निम्म्याहून खाली आलं तर टप्पा ४ पुन्हा वाचा.

३. डोकं लावून. दुसरी मोजणी चांगली आणि ही वाईट असेल तर शॉवरच अरुंद आहे, किंवा बोअरच्या पाण्याच्या क्षाराने त्याची भोकं बुजली आहेत. लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा.

हे तीन आकडे पंपाशेजारी मार्करने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी धार कमी वाटली तर आठवणीवर अवलंबून राहावं लागत नाही, पुन्हा मोजायचं आणि ताडून बघायचं.

प्रेशर स्विचवर एक छोटा स्क्रू असतो आणि तो फिरवायला हात शिवशिवतात. धार कमी आहे म्हणून तो आवळू नका. त्याने पंप बंद व्हायचा दाब वाढतो, नळी रुंद होत नाही.

टप्पा ९: वापरात

पिण्याआधी नवी यंत्रणा निर्जंतुक करा. सुगंध नसलेलं साधं ५ टक्के ब्लीच, लिटरमागे एक मिलिलिटर, म्हणजे ९० लिटरच्या टाकीला ९०. कार्बनची कार्ट्रिज आधी काढा. प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत पंप चालवा, चार तास तसंच ठेवा, मग वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली असेल तर पुन्हा.

टाकी भरताना पाइपच्या टोकाला गाळणी लावा. पावसाळ्यात रस्त्याकडेच्या पाण्यात गाळ असतोच, आणि तो आधी जाळीत, मग पंपाच्या झडपेत बसतो. पावसाळी सहलीनंतर जाळी उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

हिवाळ्यात स्पिती-लडाखकडे निघाला असाल तर रात्री टाकी, गीझर, नळ्या आणि पंप सगळं रिकामं करावं लागतं. खालचा बॉल व्हॉल्व्ह उघडा, सगळे नळ उघडे ठेवा, पंप अर्धा मिनिट कोरडा चालवून आतलं पाणी फेकून द्या. शॉवरची नळी खाली सोडा आणि गाळणीची वाटी काढून ठेवा. पाणी गोठून सगळ्यात आधी फुटते ती हीच वाटी, म्हणून तिची एक सुटी जोडी गाडीत असू द्या.